हिरवी आई, जांभळा बाप: वांग्याच्या रंगाचा संकर वावरात कसा करावा

हायब्रिड वांग्याच्या प्लॉटमधलं एक देखणं जांभळं फळ बियाण्यासाठी राखलं, पुढच्या खरिपात ते बी लावलं, आणि एकाच ओळीत कुठे जांभळं, कुठे हिरवं, कुठे पट्ट्यापट्ट्यांचं वांगं लागलं. कास्तकार म्हणतो, बी फसलं. बी फसलेलं नसतं. पाकिटातल्या बियाण्याचे आईबाप वेगवेगळे असतात. पहिल्या पिढीत एकाने दुसऱ्याला झाकलेलं असतं आणि दुसऱ्या पिढीत झाकलेलं उघडं पडतं.

हे उघडं पडणं आपल्या हाताने घडवून त्यातून हवा तो रंग पक्का करता येतो. वांगं त्यासाठी सोयीचं पीक आहे. फूल मोठं असतं, एका फळात शेकड्यांनी बी निघतं, आणि रंग डोळ्यांना दिसतो. फक्त सुरुवातीपासून एक गोष्ट ध्यानात असू द्या: फळावर रंग दिसतो, त्यामागची जोडी दिसत नाही. नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

आधी अक्षरं ठरवा

वांग्याच्या रंगात ढोबळमानाने दोन रंगद्रव्यं असतात. सालीतला जांभळा रंग अँथोसायनिनचा, आणि सालीखालच्या थरातला हिरवा रंग हरितद्रव्याचा. दोन्हींची सूत्रं वेगळ्या जनुकांकडे आहेत. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

जांभळा रंग आणणाऱ्या प्रतीला ‘ज’ म्हणू, न आणणारीला ‘न’. हिरवा थर देणारीला ‘ह’, न देणारीला ‘प’. ज हा न ला झाकतो आणि ह हा प ला झाकतो. म्हणून ‘जज’ आणि ‘जन’ ही दोन्ही झाडं जांभळीच दिसतात, जांभळा रंग नसतो तो फक्त ‘नन’मध्ये. काही जोड्यांत ज पुरता झाकत नाही आणि ‘जन’ झाड किंचित फिकं येतं. असं दिसलं तर तुमचं काम सोपं झालं.

बाजारात ज्याला काळं वांगं म्हणतात, ते जांभळ्या सालीखाली हिरवा थर असलेलं असतं. तीच साल पांढऱ्या गरावर असली की वांगं झळझळीत जांभळं दिसतं. खात्री करायची तर फळावरून ब्लेडने नखाएवढी साल अगदी पातळ सोला आणि उजेडासमोर धरा. सालीचा रंग वेगळा पाहा, खाली उघडा पडलेला थर वेगळा पाहा. नुसत्या बाहेरच्या नजरेने ‘गडद’, ‘फिकं’ असं लिहिलं तर दोन जनुकांची सरमिसळ होते आणि नंतर कोणतंच प्रमाण जुळत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘शेजारच्या हिरव्या वांग्याचा वारा लागला आणि माझं जांभळं फिकं पडलं,’ असं गावात ऐकू येतं. वांग्याची साल आईच्या शरीराची असते, बाहेरून आलेल्या परागाचा तिच्यावर परिणाम होत नाही. परिणाम आतल्या बियांवर होतो आणि तो पुढच्या हंगामात दिसतो. मक्याचं वेगळं आहे. तिथे दाणा हीच पुढची पिढी, म्हणून पांढऱ्या मक्याच्या कणसात पिवळे दाणे त्याच हंगामात दिसतात. वांगं, मिरची, टमाटर यांच्या सालीच्या रंगाला तो नियम लावू नका.

आईबाप निवडणं

आई हिरवी घ्या, बाप जांभळा घ्या. हे उलट करू नका. त्याचं कारण साधं आहे. संकर करताना हातून चूक झाली आणि आईच्या फुलाला स्वतःचाच पराग लागला, तर ते बी हिरवंच निघणार. संकर साधला असेल तर पहिल्या पिढीचं झाड जांभळं येणार. म्हणजे पहिल्या पिढीत हिरवं फळ लागलेलं झाड डोळे मिटून उपटता येतं. आई जांभळी असेल तर फसलेलं बी आणि साधलेलं बी सारखंच दिसतं, आणि चूक कळायला वर्ष जातं.

जांभळ्यासाठी ‘पुसा पर्पल लाँग’, हिरव्यासाठी ‘अर्का कुसुमाकर’ यांसारखे सरळ वाण (हायब्रिड नसलेले, राखलेल्या बियातून तसेच येणारे) चालतात. घरचं काटेरी वांगं घेतलं तरी हरकत नाही. हायब्रिड पाकिटातलं बी आईबाप म्हणून घेऊ नका, कारण ते आधीच मिश्र असतं. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्रही आहे. सरळ वाणांची चौकशी तिथे करता येते.

घरचं बी घेताना आधी ते शुद्ध आहे का ते पाहा. प्रत्येक वाणाच्या एका झाडावर दोनतीन कळ्यांना पिशवी बांधून स्वपरागित (स्वतःच्याच परागाने धरलेलं) फळ घ्या आणि त्याच्या बियांची १६ रोपं वाढवा. सोळाही एका रंगाची निघाली तर वाण त्या रंगाला शुद्ध धरा. झाड ‘जन’ असतं तर सोळांत एकही हिरवं न दिसण्याची शक्यता जेमतेम शंभरात एक. हा १६ चा आकडा पुढेही लागणार आहे.

फूल ओळखणं आणि संकर

विदर्भात संकराला नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. जुलैत लावलेली झाडं तेव्हा भरात असतात आणि ऊन सौम्य असतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की फुलं गळतात, पराग निकामी होतो आणि जांभळा रंगही विटतो. उन्हाळ्यात केलेला संकर आणि उन्हाळ्यात केलेली रंगाची नोंद, दोन्ही वाया जातात.

सामान एवढंच: टोकदार चिमटा, टाचणी, स्पिरिटचा बोळा, बटर पेपरच्या लहान पिशव्या, जाड कागदाची चिठ्ठी, दोरा आणि शिसपेन्सिल. बॉलपेनची शाई दव आणि ऊन यांत उडते. पेन्सिल टिकते.

वांग्याच्या झाडावर सगळी फुलं फळ धरणारी नसतात. काहींची कुक्षी (पराग धरणारं मादीचं टोक) पुंकेसरांच्या (पराग देणाऱ्या नराच्या भागांच्या) पिवळ्या नळीतून वर डोकावते, काहींची बरोबरीला असते, काहींची आत दबलेली असते. वर आलेली आणि बरोबरीची, ही दोनच आपल्या कामाची. आखूड कुक्षीच्या फुलावर कितीही मेहनत करा, फळ धरत नाही. झुपक्यात फुलं असतील तर बुडाचं मोठं फूल घ्या आणि बाकीची खुडून टाका.

दुपारी तीननंतर उद्या उमलेल अशी कळी शोधा. पाकळ्यांचा रंग हिरव्या देठकपातून बाहेर दिसू लागलेला असतो, पण पाकळ्या अजून मिटलेल्या असतात. पाकळ्या चिमट्याने हलक्या बाजूला करा आणि पिवळे पुंकेसर एकेक करून बुडातून तोडा. बहुधा पाच असतात, कधी सहासातही निघतात, म्हणून मोजून काढा. पुंकेसराच्या टोकाला दोन बारीक छिद्रं असतात आणि पराग तिथूनच बाहेर पडतो. छिद्रं उघडलेली दिसली किंवा पिवळी भुकटी सांडलेली दिसली तर ती कळी टाकून द्या. मधल्या कुक्षीदांड्याला चिमटा लागू देऊ नका. पिशवी घाला आणि फुलाच्या देठाला नव्हे, खालच्या फांदीला दोरा बांधा. देठाला बांधलं की वाऱ्याने फूल तुटतं.

बापाच्या झाडावरच्या कळ्यांनाही त्याच संध्याकाळी पिशव्या घाला. नाहीतर मधमाशीने आणलेला परका पराग तुम्ही ‘बाप’ म्हणून वापराल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते दहा. थंडीत फूल उशिरा उमलतं, घाई करू नका. बापाचं ताजं उमललेलं फूल तोडून आणा, पुंकेसर टाचणीने उभा चिरा, आतली भुकटी टाचणीच्या टोकावर घ्या आणि आईच्या कुक्षीवर टेकवा. कुक्षी ओलसर, चमकदार दिसली पाहिजे. पिशवी परत घाला. चिठ्ठीवर आई, बाप आणि तारीख एवढंच लिहा. एका बापाकडून दुसऱ्याकडे जाताना चिमटा, टाचणी आणि बोटं स्पिरिटने पुसा, आणि वाळू द्या. ओल्या स्पिरिटने परागही मरतो.

पाचसहा दिवसांनी पिशवी काढा. फळ धरलं असेल तर देठ जाड होऊन खाली वाकलेला दिसतो. नवख्याच्या हाताने दहा फुलांत दोनतीन फळं धरली तरी पुरे, कारण एका फळातलं बी पुढच्या सगळ्या कामाला उरून जातं. एका झाडावर संकराची दोनतीन फळंच ठेवा, बाकीची खाण्याजोगी झाली की तोडा, म्हणजे बी भरतं.

आता रखवाली. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी याच फळात शिरणार असं धरून चाला. फळ लिंबाएवढं झालं की मलमलच्या सैल पिशवीत घ्या, आणि झाडावरचा सुकलेला शेंडा दिसला की तोडून जाळा. रोही आणि रानडुक्कर यांच्यापुढे मलमल चालत नाही. संकराची झाडं धुऱ्याकडेला न ठेवता वावराच्या मधल्या ओळीत ठेवा.

बी काढणं

परागीकरणानंतर ५० ते ५५ दिवसांनी फळ पिवळं किंवा तपकिरी पडतं, तेव्हाच बी तयार असतं. जांभळं असो की हिरवं, बियाण्याचं फळ शेवटी पिवळंच होतं. म्हणून बियाण्याच्या फळावरून रंगाची नोंद करता येत नाही. नोंद भाजीच्या कोवळ्या फळावर आधीच झाली पाहिजे आणि चिठ्ठी फळाबरोबर राहिली पाहिजे. चिठ्ठी हरवली तर ते फळ भाजीतही जात नाही आणि बियाण्यातही नाही.

तोडलेलं फळ दोनतीन दिवस सावलीत मऊ होऊ द्या. मग लाकडी दांड्याने हलकेच बडवून पाण्याच्या बादलीत कुस्करा. भरलेलं बी तळाला बसतं, पोचट तरंगतं. तळाचं बी दोनतीन पाण्यांनी धुऊन कापडावर सावलीत वाळवा. टिनपत्र्यावर उन्हात वाळवलेलं बी पुढे उगवत नाही. वाळलेलं बी दोन बोटांत वाकवलं तर कडकन तुटलं पाहिजे. मग झाकणाच्या बाटलीत भरा.

पहिली पिढी

पुढच्या हंगामात संकराच्या बियांची आठदहा रोपं लावली तरी चालतं. हिरवी निघतील ती उपटा. उरलेल्या जांभळ्यांपैकी दोनतीन झाडांवर कळ्या उमलायच्या आधी पिशव्या घाला. इथे पुंकेसर काढायचे नाहीत, वांग्याचं फूल स्वतःच्या परागानेच फळतं. पण उघडं ठेवू नका. मधमाश्या आणि भुंगे वांग्यात बरीच सरमिसळ करतात. म्हणूनच बीजप्रमाणीकरणात वांग्याच्या प्रमाणित बियाण्याला १०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला २०० मीटर अंतर मागतात. तेवढं अंतर आपल्या तुकड्याच्या शेतीत मिळत नाही, म्हणून पिशवी.

पहिल्या पिढीतच जांभळी, लांब, भरघोस लागलेली झाडं पाहून ‘झालं आपलं वाण’ म्हणू नका. ती सगळी ‘जन’ आहेत.

दुसरी पिढी: इथे मोजायचं असतं

हीच पिढी खरी, आणि बहुतेक जण इथेच कंजूषपणा करतात. वीस रोपं लावून प्रमाण कळत नाही. किमान १२० झाडं लावा. ७५ × ६० सेंटिमीटर अंतराने त्यांना ५४ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. रोपांसाठी ९८ खान्यांचे दोन प्रो-ट्रे भरा, खान्यात एकच बी. उगवण झाल्यावर ‘मरतुकडी’ म्हणून रोपं निवडून फेकू नका. एखादा रंग योगायोगाने दुबळ्या रोपांत जास्त असला तर तुमचंच प्रमाण तुम्ही बिघडवता.

नोंद प्रत्येक झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळावर, फळ भाजीला तोडण्याजोगं असताना करा. फळ उन्हाच्या बाजूचं घ्या. काही वाणांत सालीला उजेड लागल्याशिवाय जांभळा रंग येतच नाही, पानाआडची बाजू पांढुरकी राहते. देठकप नखाने उचलून पाहा. खाली पांढरं असेल तर तो उजेडावर अवलंबून असलेला प्रकार. खालीही जांभळं असेल तर तो अंधारातही रंगणारा. हा फरकही आनुवंशिक आहे, त्याला नोंदवहीत वेगळा रकाना द्या: झाड क्रमांक, सालीचा रंग, सालीखालचा थर, देठकपाखालचा रंग, काटे, आकार.

समजा ६० झाडं मोजली आणि ४१ जांभळी, १९ विनाजांभळी निघाली. एकच जनुक असेल तर ३:१ प्रमाण येतं, म्हणजे ४५ आणि १५ अपेक्षित. प्रत्येक गटात ४ चा फरक आहे. फरकाचा वर्ग १६. १६ भागिले ४५ म्हणजे ०.३६, १६ भागिले १५ म्हणजे १.०७, बेरीज १.४३. ही संख्याशास्त्रातली काय-वर्ग कसोटी, तिच्यात दोन गटांची बेरीज ३.८४ च्या आत असली की प्रमाण मान्य धरतात. इथवर ठीक.

पण जांभळा रंग तयार व्हायला एकाहून जास्त जनुकं लागतात. रंग बनवण्याची साखळी आहे, तिचा एक दुवा तुटला तरी रंग येत नाही. तुमच्या जोडीत दोन दुवे वेगवेगळे असतील तर प्रमाण ३:१ ऐवजी ९:७ येतं. त्याच ६० झाडांना ९:७ लावून पाहा. अपेक्षित ३३.७५ आणि २६.२५, फरक ७.२५, बेरीज येते ३.५६. हीसुद्धा ३.८४ च्या आत! म्हणजे ६० झाडांनी दोन्ही उत्तरं ‘बरोबर’ ठरवली आणि तुम्हाला काहीच कळलं नाही. आता १२० झाडांत ८२ आणि ३८ निघाली असं धरा, म्हणजे तेच प्रमाण. ३:१ ची बेरीज २.८४, ९:७ ची ७.१२. आता ९:७ बाद झालं. पाव गुंठा जास्तीची जागा द्यायची ती याच्यासाठी.

हिरवा थरही वेगळा होत असेल, म्हणजे बाप ‘जज पप’ आणि आई ‘नन हह’ अशी जोडी असेल, तर चार गट मिळतात: काळपट ९, झळझळीत जांभळं ३, हिरवं ३, पांढरं १. सोळात एक येणारं पांढरं वांगं हवं असेल तर ते किमान एकदा दिसण्याची शंभरात पंचाण्णव खात्री मिळायला ४७ झाडं लागतात, नव्याण्णव खात्रीला ७२. नुसत्या चारात एक येणाऱ्या रंगाला ११ झाडं पुरतात.

दोन विनाजांभळ्या झाडांच्या संकरातून जांभळं निघालं तर घाबरू नका. एकाकडे एक दुवा तुटलेला, दुसऱ्याकडे दुसरा. संकरात साखळी जुळते.

तिसरी पिढी: शुद्ध जांभळं गाळून घ्यायचं

हिरवं हवं होतं त्यांचं रंगाचं काम दुसऱ्या पिढीतच जवळजवळ संपलं. ते ‘नन’ आहे, पुढे जांभळं निघणार नाही. आकार, काटे, उत्पन्न मात्र अजून पाच-सहाव्या पिढीपर्यंत फुटत राहतं, ती निवड चालू ठेवावी लागते.

जांभळं हवं असणाऱ्यांचं खरं काम इथून सुरू. एकाच जनुकाचा मामला असेल तर दुसऱ्या पिढीतल्या जांभळ्या झाडांपैकी तीनात एकच ‘जज’ असतं, आणि दिसायला तिन्ही सारखी. फळाच्या गडदपणावर ‘जज’ ओळखण्याचा मोह होतो. तो सोडा, गडदपणा हिरव्या थराने आणि थंडीनेही वाढतो. चांगली २० जांभळी झाडं निवडा, प्रत्येकावर पिशवी बांधून फळ घ्या, प्रत्येकाचं बी वेगळ्या बाटलीत ठेवा. तिसऱ्या पिढीत प्रत्येक बाटलीची १६ झाडं एका ओळीत लावा. २० ओळी, ३२० झाडं, जागा १४४ चौरस मीटर, म्हणजे साधारण दीड गुंठा. ज्या ओळीत एकही हिरवं आलं ती ओळ सगळी बियाण्यातून बाद, तिच्यातलं सगळ्यात देखणं जांभळं झाडसुद्धा. बाद म्हणजे उपटायची नव्हे, तिचं वांगं रोडग्यांच्या पंक्तीला खुशाल चालतं. सहासात ओळी पूर्ण जांभळ्या राहतील. बियाणं त्यांचंच धरायचं.

सगळ्या जांभळ्या झाडांचं बी एकत्र करून ‘निवडक’ म्हणून पेरण्याची पद्धत जुनी आहे. पण तसं केलं की ‘न’ झाकलेला राहतो आणि दरवर्षी थोडं थोडं हिरवं निघतच राहतं.

मिरची आणि टमाटरसाठी थोडक्यात

टमाटरात सालीची परीक्षा सोपी. पिकलेल्या फळाची साल सोला. साल पिवळी आणि गर लाल असेल तर फळ लाल दिसतं. साल बिनरंगी आणि गर लाल असेल तर फळ गुलाबी दिसतं. पिवळी साल झाकणारी, बिनरंगी झाकली जाणारी. गराचा लाल पिवळ्याला झाकतो. दोन्ही मिळून ९ लाल, ३ गुलाबी, ३ पिवळी, १ अगदी फिकी.

मिरचीत दोन वेळा नोंद करावी लागते, एकदा कच्च्या फळावर आणि एकदा पिकल्यावर. पिकलेला लाल पिवळ्याला झाकतो. पिकतानाही हिरवं जात नसेल तर लालाखाली हिरवं राहून मिरची चॉकलेटी दिसते. तो वेगळा जनुक, त्याला लाल समजून मोजू नका. भिवापुरीसारखी भौगोलिक मानांकनाची मिरची संकरात घेतलीत तर संकरातून निघालेल्याला भिवापुरी म्हणून विकू नका.

कायदा आणि बाटली

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे शेतकरी आपलं बी राखू, पेरू, देवाणघेवाण करू आणि विकूही शकतो. मात्र संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. शेतकऱ्याने तयार केलेलं वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. नोंदणीला जाल तेव्हा वंशावळ मागतील, म्हणून बाटलीवर ‘जांभळं, चांगलं’ असं लिहू नका. असं लिहा: आई × बाप, दुसऱ्या पिढीतलं झाड क्रमांक ३७, तिसऱ्या पिढीत १६ पैकी १६ जांभळी, तारीख. आणि तीच चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आतही टाका, बाहेरची उंदीर कुरतडतात.